एनेंच्या चांदीसाठी मातीचा डबा

एनेंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, वेणीतले चांदीचे लोलक तिसऱ्यांदा हरवले, तेव्हा नेमक्या थोरल्या नणंदबाई, सोनुनबू एजे, घरी आल्या होत्या.

"मागच्या वेळी कुठे सापडले?" एजेंनी विचारलं.

"पिठाच्या पोत्यात."

"आणि त्याआधी?"

"बुटात."

"बुरुलकान, तू तर दिवसभर घरातच असतेस ना?"

दिवसभर घरात असते म्हणजे काय, ते चादरी बदलणाऱ्याला विचारावं. लोलक दुपारी उशीच्या अभ्र्यात सापडले. एजे चहा पिऊन नारिन शहराच्या शेवटच्या गाडीने गेल्या.

एनेंना आता काही आठवत नाही. मी पूर्वी त्यांना बिस्किटांचा पत्र्याचा डबा देऊन पाहिला होता. त्यांनी आत बिस्किटं शोधली, मिळाली नाहीत म्हणून चांदी चुलीशेजारी ओतली. म्हणजे डबा असा हवा, जो दुसऱ्या कशाचाच वाटणार नाही.

माझी लेक बिश्केकच्या बालवाडीत शिकवते. तिने सुट्टीत आणलेली माती कपाटात पडून होती. त्या मातीला भट्टी लागत नाही, नुसती ठेवली की वाळते. मी ती लाटण्याने लाटली, चहाच्या डब्याभोवती कागद गुंडाळून त्यावर मातीची पट्टी फिरवली, काट्याने कडा ओरबाडून, पाणी लावून मातीच्याच गोल तळाला चिकटवली. झाकण कापलं आणि घाईघाईत शेगडीजवळ ठेवलं. संध्याकाळी बघते तर ते शिळ्या नानसारखं वाकडं झालेलं. मधोमध तडा.

रडू आलं नाही. रडायलासुद्धा निवांत बसावं लागतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा माती मळली. एने शेजारी येऊन बसल्या. मला वाटलं, आता खातील. पण त्यांनी लिंबाएवढा गोळा उचलला, तळहातावर त्याची वळी केली आणि दोन्ही टोकं आत गुंडाळली. मेंढ्याची शिंगं! दोन्ही बाजू अगदी सारख्या. उभ्या जन्मात त्यांनी असल्याच नक्षीचे लोकरीचे नमदे केले, हातांना ते ठाऊक होतं.

"असं करायचं, पोरी," एने म्हणाल्या. "तुझी सासू शिकवत नाही का?"

"शिकवते."

"चांगली आहे?"

"आहे. पण फार दमवते."

त्या जरा वेळ शिंगांवरून बोट फिरवत राहिल्या. "मी माझी सासू सात वर्षं अंथरुणातून उचलली," त्या म्हणाल्या. "तू जेवलीस का, असं एकदाही कुणी विचारलं नाही गं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? उचलली." आणि लगेच, "चहा कुठाय?"

या वेळी मी घाई केली नाही. झाकणावर एनेंची शिंगं चिकटवली, आतून कडं लावलं, म्हणजे ते घसरणार नाही. वरून प्लॅस्टिक टाकलं आणि पाच दिवस सकाळ-संध्याकाळ उलटत राहिले. बारीक भेगा ओल्या मातीने बुजवल्या, काचकागदाने घासलं, तांबडा रंग दिला. शिंगं काळी.

एनेंनी लोलक आत ठेवले. सोबत चार साखरेचे खडे आणि एक मोजा. अकरा दिवस सगळं जागच्या जागी राहिलं. बाराव्या दिवशी डबा रिकामा होता.

त्याच आठवड्यात एजे आल्या. डबा हातात घेऊन त्यांनी झाकण उघडलं. "हे काय? चांदी कुठाय?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "शोधणारही नाही. आठ दिवस एनेंना तुमच्याकडे न्या, एजे."

"मला जमणार नाही गं, माझी कंबर..."

"माझीही कंबरच आहे."

त्यांनी झाकणावरच्या शिंगांवरून बोट फिरवलं. "ही आईने केली?"

"हो. मला जमली नसती."

"रविवारी गाडी घेऊन येते," त्या हळूच म्हणाल्या.

आणि खरंच आल्या. मी एनेंना कोट घालून गाडीत बसवलं, चादरी भिजत घातल्या आणि तशीच गादीवर आडवी झाले. जाग आली तेव्हा चार वाजून गेले होते. घरात कुणी हाक मारत नव्हतं. मी कूस बदलली आणि पुन्हा डोळे मिटले.