कोरडी पट्टी

बाळाच्या डाव्या गालावरची जखम एक सेंटिमीटर लांब आणि जेमतेम अर्धा सेंटिमीटर रुंद होती. तिच्या कडा सरळ होत्या, कात्रीनं कापल्यासारख्या. उष्णतेच्या फोडाला अशा कडा नसतात, हे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात नऊ वर्षं काढलेल्या राजेश्वरी सिस्टरला पक्कं ठाऊक होतं.

नाकातली दुधाची नळी हलू नये म्हणून गालावर चिकटपट्टी लावतात. काढताना ती कोमट पाण्याच्या बोळ्यानं भिजवायची, बोटानं कातडी धरून ठेवायची आणि कडेकडेनं सावकाश सोडवायची. नव्या मुलींना हे राजेश्वरीच शिकवायची. अकराशे ग्रॅमच्या बाळाची कातडी म्हणजे कांद्याचा पापुद्रा, हे तिचंच वाक्य. आणि तीन दिवसांपूर्वी, गर्दीच्या सकाळी, तिनंच पट्टी कोरडी ओढली होती.

बाळाच्या आईनं, जगदेवीनं, विचारलं तेव्हा ‘होतं असं कधीकधी’ म्हणून तिनं वेळ मारून नेली. फाइलीत ‘गालावर लाली’ एवढंच लिहिलं. डॉक्टरांना संध्याकाळी सांगू, असं ठरवलं. ती संध्याकाळ काही आली नव्हती.

दरम्यान लोहाऱ्याहून आलेल्या जगदेवीच्या सासूबाईंनी, गौराबाईंनी, कारण शोधून काढलं. सुनेनं सहाव्या महिन्यात पपई खाल्ली, तीच उष्णता लेकराच्या गालावर फुटली. त्यांनी सुनेची भाकरी बंद करून तिला नुसत्या पेजेवर ठेवलं.

आज जगदेवीनं काढून आणलेलं दूध राजेश्वरीनं हातात घेतलं. परवा वीस मिली होतं. आज वाटीचा तळही नीट झाकत नव्हता.

“अजून खायची असंल तर सांग,” गौराबाई मागून म्हणाल्या. “टोपलीभर पपया मागवते.”

जगदेवीनं मान वर केली नाही. “म्या पेजबी सोडते, सिस्टर. पर त्याचा गाल तेवढा बरा करा.”

राजेश्वरीचे कान तापले. पलीकडच्या पाळण्याशी दोन नव्या मुली उभ्या होत्या. त्यांना सगळं ऐकू जाणार होतं.

“पपईनं काही झालेलं नाही. तुम्ही पोटभर जेवा,” ती म्हणाली. आवाज फारच बारीक निघाला, म्हणून ती गौराबाईंकडे वळून पुन्हा बोलली. “आजी, सुनेला बोल लावू नका. तुमच्या नातवाचा गाल माझ्या हातानं सोललाय. मी घाई केली आणि तीन दिवस गप्प बसले. आता डॉक्टरांना हेच सांगायला चाललेय.”