बटणचा जबडा

गप्प राहण्यात कवळीवाल्यांचा फायदा एकच होता, पण मोठा होता. बटण त्यांच्या घरात राहणार होता.

बटण म्हणजे त्यांचा कुत्रा. मांजराएवढा, बारा वर्षांचा. बायको गेल्यापासून घरात सोबत त्याचीच. मुलीनं मात्र बजावून ठेवलं होतं, "बाबा, याची दुखणी निघायला लागली की मी घेऊन जाणार. तुमचंच तुम्हाला होत नाही."

कवळीवाल्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवल्या होत्या. समोरचा हसला की नावाआधी त्याच्या हिरड्या पाहायच्या, ही खोड. त्यामुळे बटण दोरी एकाच बाजूनं चघळायला लागला, तोंडाला कुजका वास यायला लागला, जांभई देताना खालच्या दाढेभोवती पू दिसला, तेव्हा कळायचं ते त्यांना एका नजरेत कळलं. त्यांनी कोरडं खाणं भिजवायला घेतलं. आधी थोडं, मग पार लगदा करून. रविवारी मुलगी आली की वाटी तिच्यापुढे धरायची.

"बघ, कण ठेवला नाही. तुझ्या पोरांपेक्षा बरा जेवतो."

"पण वास कसला येतोय?"

"म्हातारा झालाय. माझ्या तोंडाला काय अत्तराचा येतो?"

मुलगी हसली. हसलेला माणूस पुढचं विचारत नाही, हे त्यांना धंद्यानं शिकवलं होतं. बटणचे दात घासायला तिनं छोटा ब्रश आणून दिला होता. तो ते दर रविवारी ओला करून ठेवायचे.

असे चार महिने निघाले. मग एका सकाळी बटण सोफ्यावरून उतरला. उडी म्हणावी अशीही ती नव्हती. हनुवटी फरशीला टेकली, तो किंचाळला आणि त्याचा खालचा जबडा एका बाजूला लोंबायला लागला. या वेळी मुलीला फोन त्यांनीच केला.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "मुळांभोवतीचं हाड झिजून कागद झालंय. वेळेवर भूल देऊन दात साफ केले असते, हलणारे काढले असते, तर इथवर आलं नसतं." मग मुलीला म्हणाल्या, "ही मुकी जनावरं दुखत असलं तरी खातात. घरच्यांना कळत नाही."

मुलगी रडायलाच लागली. "मी बघायला हवं होतं. दर रविवारी येत होते मी."

इथं कवळीवाल्यांचा दुसरा फायदा होता. दोष परस्पर दुसरीनं उचलला होता. यांनी नुसतं तोंड मिटून राहायचं, आणि त्याची तर सवयच होती.

टेबलावर बटणनं त्यांचा हात चाटायला जीभ बाहेर काढली. ती पोचली नाही.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. ब्रश मी नुसता ओला करायचो."

मुलीनं डोळे पुसले.

बटण वाचला. चौदा दात काढले, जबडा तारेनं बांधला. दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी कवळीवाल्यांनी त्याची वाटी आणि गादी स्वतःच मुलीच्या गाडीत ठेवली. "राहू दे, बाबा," असं ती म्हणेल म्हणून दार जरा जास्तच वेळ धरून उभे राहिले. तिनं गाडी सुरू केली.

आता भरलं कोणी, ते बघू. म्हाताऱ्याचा कुत्रा गेला, लेकीचा बापावरचा भरवसा गेला. पण चार महिन्यांचं दुखणं, चौदा दात आणि शेवटी राहतं घर, एवढं सगळं बटणनं भरलं. आणि या सौद्यात त्याला मिळालं काय? भिजवलेलं खाणं. तेही तो वाटी चाटून संपवायचा.