कूलरच्या खिडकीखाली

मित्रांनो, खाप्याला कन्हान नदीच्या काठी मोकळ्या जागेत जी पांढरी मोटार उभी आहे, ती मी. डिझेलवर चालणारी, जुनी. उद्या मला भंगारात न्यायला माणसे येणार आहेत. त्याआधी माझी हकीकत तुम्हाला सांगून टाकते.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. माझ्यासारख्या पुष्कळ जणी एका रांगेत उभ्या होत्या आणि सगळ्या सारख्याच दिसत होत्या. माझी मी झाले ती धम्मानंदांच्या अंगणात आल्यावर. त्यांच्या पत्नीने, सिंधूताईंनी, माझ्या बॉनेटवर झेंडूचा हार ठेवला. धम्मानंदांनी समोर बुद्धाची बोटभर मूर्ती चिकटवली. त्यांची मुलगी उन्नती तेव्हा शाळेत जात होती. ती मागच्या सीटवर जाऊन बसली आणि जेवायलाही उतरेना.

धम्मानंद मला भाड्याने चालवीत. खाप्याच्या आणि आसपासच्या गावांतल्या आजारी माणसांना नागपुरात धंतोलीला न्यायचे, दाखवून झाले की परत आणायचे, हेच आमचे काम. आजारी माणूस पुढच्या सीटवर बसे, कारण पुढे हादरे कमी लागतात. "आजी, धरून बसा, गड्डा येऊन राहिला," असे धम्मानंद आधीच सांगत. लोक म्हणत, धम्मानंदची गाडी म्हणजे पाळणा हाय. तेव्हा मला फार बरे वाटे.

डिझेलच्या गाडीला सुरू होण्याआधी क्षणभर थांबावे लागते. चावी अर्धी फिरवली की समोर वेटोळ्यासारखा पिवळा दिवा लागतो. इंजिन आतून तापले की तो विझतो, मग गाडी सुरू करायची. तेवढा वेळ धम्मानंद डोळे मिटून बसत. मनात काय म्हणत, ते मला कधी कळले नाही. माझा आवाज तसा खरखरीत आहे. पण परत येताना मी वळणावर असतानाच सिंधूताई तो ओळखत आणि तवा गॅसवर ठेवत.

एका मे महिन्यात धंतोलीच्या एका लहान दवाखान्याबाहेर आम्ही थांबलो होतो. ऊन इतके की धम्मानंद काचा लावून, थंड हवा सुरू करून आत बसले होते. म्हणून माझे इंजिनही सुरूच होते. जवळच्या खिडकीत कूलर होता. त्याच्या बाजूच्या गजांमागे एक म्हातारी आली. तिने नाकाला पदर लावला होता.

"बाबू, बंद कर ना गा," ती म्हणाली. "तुह्या गाडीचा धूर कूलर आत ओढून राहिला. माह्या लेकाले दम लागते."

धम्मानंदांनी लगेच चावी फिरवली. मग उतरून कूलरचे फिरणारे पाते ते कितीतरी वेळ पाहत उभे राहिले. त्या दिवसापासून धंतोलीच्या गल्लीत त्यांनी मला कधी उभ्या उभ्या सुरू ठेवले नाही. गर्दीत अडकलो की इंजिन बंद. दोन पावले पुढे सरकायचे असेल तर स्वतः उतरून ढकलत. त्यांचे मित्र वामनराव हृदयाच्या तपासणीसाठी आमच्याबरोबर नेहमी येत. ते पुढच्या सीटवरून हात लांबवून स्टिअरिंग धरत आणि हसत.

"गाडी हाय का बैलबंडी गा, धम्मानंद? तू ये आत बस, मी ढकलतो. तसाही दवाखाना समोरच हाय."

उन्नती मोठी झाली. कॉलेजात शिकवू लागली, नागपुरातच धरमपेठेत राहू लागली. सुट्टी संपवून खाप्याहून परतताना ती कधी कधी आमच्याबरोबर येई, आणि मग वाटेत बापलेकीचा एकच वाद चाले. तो माझ्याबद्दलच असे, म्हणून मी कान देऊन ऐके.

"बाबा, सरकारने आता कायदाच करायला पाहिजे. नवी गाडी घ्यायची तर विजेवरची, नाहीतर हायब्रिड."

"हायब्रिड म्हणजे कोणती वं?" वामनरावांनी विचारले.

"बॅटरीवरही चालते अन् पेट्रोलवरही."

"म्हणजे सासरीबी खूश अन् माहेरीबी."

धम्मानंद हसले, पण त्यांना ते पटत नव्हते. "पेशंट घेऊन निघालो अन् अर्ध्या रस्त्यात बॅटरी संपली तं? त्याले म्हणू का, थांब गा बाबू, मरू नको, चार्जिंग होऊन राहिलं?"

इतक्यात कोराडीच्या कोळशावरच्या वीजकेंद्राची धुराडी दिसू लागली. धम्मानंदांनी बोट दाखवले. "ते पाह्य. तुह्या बिनधुराच्या गाडीचा धूर तिथून निघते. कोराडीतबी माणसंच राहतात वं."

उन्नती म्हणाली, "खरं आहे. तोही कमी करायलाच हवा. पण बाबा, तुम्हाला त्या आजीने सांगितलं म्हणून तुम्ही इंजिन बंद करता. गल्लीतल्या बाकीच्यांना कोण सांगणार?"

"मी सांगतो ना."

"अन् ते काय म्हणतात?"

उत्तर वामनरावांनी दिले. "म्हणतात, काका, तुमी आरटीओ हाय काय?"

धंतोलीला उन्नती उतरताना धम्मानंद म्हणाले, "नव्या गाड्यांले लावा म्हणा कायदा. लावलाच पाहिजे. पण माह्यीले हात नाही लावायचा." आणि त्यांनी माझ्या स्टिअरिंगवर हलकेच थाप मारली.

पुढे त्यांच्या पायांना सूज येऊ लागली. मूत्रपिंडे थकली आहेत, असे डॉक्टर म्हणाले. मी अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी राहू लागले. निंबोळ्या काचेवर पडत आणि तिथेच वाळत. मला वाटे, आज येतील, उद्या येतील, चावी अर्धी फिरवतील आणि डोळे मिटतील. ते दारातून माझ्याकडे पाहत आणि परत आत जात.

एका उन्हाळ्यात उन्नतीने मला चालवत धंतोलीला नेले. या वेळी पुढच्या सीटवर धम्मानंद होते. तिने प्रत्येक खड्डा आधी सांगितला. त्यांना दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या दोन खाटांच्या खोलीत ठेवले. एका खिडकीत कूलर, दुसरी गजांची, आणि त्या गजांपलीकडे गल्लीत मी. त्यांना उशीवरून माझे बॉनेट दिसत होते. शेजारच्या खाटेवर एक गृहस्थ होते, त्यांना नळीने प्राणवायू लावला होता.

दोन-तीन दिवसांनी, दुपारी, धम्मानंद म्हणाले, "उन्नती, एकदा सुरू कर ना वं तिले. लय दिवस झाले, आवाज नाही ऐकला."

ती धावतच बाहेर आली. माझ्यात बसली. चावी अर्धी फिरवली. पिवळा दिवा लागला, विझला. आता फक्त मनगट वळवायचे होते. इतकी आतुर मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

तिने समोर पाहिले. कूलर फिरत होता.

तिने चावी काढली आणि गजांपाशी गेली. "बाबा, कूलर सुरू आहे. बाजूच्या काकांना त्रास होईल. सकाळी पाणी भरायला बंद करतात ना, तेव्हा गाडी थोडी पुढे ढकलून सुरू करते. नक्की."

धम्मानंद हसल्याचे मला ऐकू आले. "हो वं. मीच विसरलो पाह्य. सकाळी सुरू करजो."

सकाळी पाणी भरायला कूलर बंद झाला. गल्ली इतकी शांत मी कधी पाहिली नव्हती. उन्नती बाहेर आली, पण तिच्या हातात चावी नव्हती. माझ्या बॉनेटवर तळहात ठेवून ती उभी राहिली. धम्मानंद पहाटेच गेले होते.

मित्रांनो, त्यानंतर मी पुन्हा कडुनिंबाखाली आले. माझी बॅटरी उतरली, चाकांतली हवा गेली. उन्नतीने विजेवरची गाडी घेतली. चांगली आहे ती. अंगणात येते तेव्हा पानसुद्धा हलत नाही. सिंधूताई स्वयंपाकघरातून बाहेर येतात आणि म्हणतात, "आली का वं? कळलंच नाही." मग आत जाऊन तवा ठेवतात. मला ठाऊक आहे, वळणावरून येणाऱ्या एका आवाजासाठी त्यांचे कान अजून जागे आहेत. माझेही आहेत, आणि तो आवाज माझाच आहे.

मला भंगारात द्यायचे ठरले, तेव्हा उन्नतीने एका मिस्त्रीकडून बॅटरी मागून आणली आणि चाकांत हवा भरली. आज संध्याकाळी ती म्हणाली, "आई, चल. बाबांना एक शब्द दिला होता."

पण अंगणाला लागून शेजाऱ्यांची खिडकी आहे, आणि त्या खिडकीतही कूलर आहे. म्हणून मला ढकलतच नदीकाठी आणले. उन्नती आणि शेजारची दोन माणसे मागून लोटत होती. वामनराव आत स्टिअरिंग धरून बसले होते.

"मी ढकलत नाही गा," ते ओरडले, "मी पेशंट हाय."

इथे मोकळ्यावर आल्यावर सगळे उतरले. सिंधूताई पुढच्या सीटवर बसल्या. उन्नतीने चावी अर्धी फिरवली. पिवळा दिवा लागला, तेव्हा तिने डोळे मिटले. अगदी तसेच. दिवा विझला आणि तिने मनगट वळवले. मी खोकले, थरथरले आणि सुरू झाले. तोच खरखरीत आवाज. नदीवरचे बगळे उडाले. उन्नतीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मला वाटले, माझे डिझेल संपेपर्यंत त्या दोघी अशाच बसतील.

मग सिंधूताईंनी लेकीच्या मनगटावर हात ठेवला.

"बंद कर आता बाई. तुह्या बाबाले उभ्या गाडीचा धूर चालत नव्हता."

उन्नतीने चावी फिरवली.

मित्रांनो, नव्या गाड्यांसाठी तो कायदा यावा, असे मलाही वाटते. माझ्यानंतर माझ्यासारखी दुसरी गाडी होणार नाही, याचे मला वाईट वाटत नाही. कोराडीच्या आकाशाचीही कोणीतरी काळजी घ्या. पण कायदा येईल तेव्हा येईल. तोवर कोणाच्या खिडकीखाली गाडी उभी कराल, तर आधी त्या खिडकीकडे बघा. तिथे कूलर फिरत असेल, आत कोणी श्वास घेत असेल. चावी फिरवून इंजिन बंद करा. गाडीला वाईट वाटत नाही. मला चालवणारे पुष्कळ भेटले असते. वेळेवर बंद करणारा एकच भेटला, आणि माझ्यावर माया होती ती त्याचीच.