लेबल भिंतीकडे

आजारी मुलांच्या खोलीत बसायची हौस चित्रकलेच्या बाईंना नव्हती. नर्सताई रजेवर गेल्या आणि मुख्याध्यापकांनी काम यांच्या गळ्यात घातलं. चित्रकला म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असा त्या शाळेचा समजच होता.

नर्सताईंनी जाताना एक गोष्ट दहादा बजावली होती. तिसरीतल्या चिमणीला फिट येतात, मधल्या सुट्टीत तिला पातळ औषध द्यायचं. चुकलं तर फिट यायची भीती, दोनदा गेलं तर पोर गुंगून पडायची. दिलं की बाटलीचं लेबल भिंतीकडे वळवायचं, म्हणजे घोटाळा नको.

घोटाळा नको म्हणे! त्या सुट्टीत एकाचा घोळणा फुटला, दुसरीने गुडघा सोलून आणला, तिसरा फरशीवर ओकला. त्या गर्दीत चिमणीही येऊन गेली. घंटा झाली, खोली रिकामी झाली. बाईंनी फरशी पुसली, औषधाची मापटी विसळली, मग कपाट पुसून बाटल्या ओळीत लावल्या, सगळी लेबलं समोर. जित्याची खोड! रंगांच्या बाटल्याही त्या अशाच लावत. दोन पावलं मागे सरून त्यांनी बघितलं. चिमणीच्या बाटलीचं लेबल आपण आत्ता फिरवलं, की ते समोरच होतं?

त्यांनी चिमणीला वर्गातून बोलावलं.

"मी तुला औषध दिलं का गं?"

"दिलं ना."

"आज?"

चिमणी विचारात पडली. "तुम्ही त्या मुलाचं नाक धरलं होतं."

"मग औषध कधी दिलं?"

"नाक धरून दिलं?" चिमणीने उलट त्यांनाच विचारलं.

बाईंनी आठवून पाहिलं. डोळे मिटले की चमचाभर औषध ओतणारा स्वतःचा हात दिसे, पण तो आजचा की कालचा, कोण सांगणार? दिलं म्हणून गप्प बसावं, असं एकदा मनात आलं. पण पोर समोर पाय हलवत बसली होती. बाईंनी तिच्या आईला फोन लावला आणि जे होतं ते सांगून टाकलं.

आई बेकरीत कामाला होती. बाहीला पीठ तसंच, धापा टाकत आली. "येताना डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आता पुन्हा देऊ नका, नुसतं लक्ष ठेवा."

आता ही आपल्याला फाडून खाणार, म्हणून बाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. पण आई लेकीशेजारी टेकली. मग हळूच म्हणाली, "बाई, घरी सकाळचं औषध मी तरी दिलंय का? तुमचा फोन आल्यापासून तेच आठवतेय. सकाळी गॅस संपला, धाकटा रडत होता..."

"हे डॉक्टरांना सांगितलंत?"

"लाज वाटली हो."

बाईंनी तिथल्या तिथे तिला पुन्हा फोन लावायला लावला. लगेच घेऊन या, असं डॉक्टरांनी सांगितलं. मुख्याध्यापकांना विचारायला बाई थांबल्याच नाहीत. बाटली पर्समध्ये टाकली, चिमणीचा एक हात आईने धरला, दुसरा त्यांनी.

"मी काय केलं?" चिमणी रडवेली झाली.

"तू काही नाही केलंस गं," बाई म्हणाल्या. "आम्हा दोघींनाच आठवत नाहीये."