बाबा बसलेत

गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवणारा कारखाना बसला आणि तिथं शिवणारा माणूसही बसला. शेजारपाजारचे असंच बोलत. "धंदा बसला हो त्यांचा. तो बिचारा घरी बसलाय."

त्याची मुलगी दुसरीत होती. ती एका जागी थांबत नसे म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. ती हे बोलणं ऐके आणि बापाकडे बघे. बाप कुठं बसला होता? तो खिडकीपासून दारापर्यंत जाई आणि दारापासून खिडकीपर्यंत येई. मध्ये पलंग होता, तिथं अंग तिरपं करून निघे. त्यानं चांगला चालणारा नळ उघडून त्याचा वॉशर काढला, निरखला आणि पुन्हा तोच बसवला. कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. काही वेळानं, तेल मुरलं का हे बघायला दार उघडमीट केलं. मग जिना उतरून खाली गेला आणि काहीतरी विसरल्यासारखा वर आला.

"बाबा, सगळे म्हणतात तुम्ही बसलात," भिंगरी म्हणाली. "पण तुम्ही तर बसतच नाही."

"ते बसणं वेगळं."

"म्हणजे किती प्रकारचं बसणं असतं?"

त्याच्याकडे वेळच वेळ होता. तो बोटांवर मोजत सांगू लागला, "आवाज बसतो. धूळ बसते. धक्का बसतो. डब्याला झाकण बसतं, अंगाला सदरा बसतो. शिवता शिवता हात बसतो."

"हात बसला म्हणजे काम थांबलं?"

"उलट. हात बसला म्हणजे काम पळायला लागलं."

"आणि माणूस बसला की?"

बादली भरली का ते बघायला तो उठला. बादली भरलेलीच होती. एक प्रकारचं बसणं सांगायचं राहून गेलं, आणि ते नेमकं त्याच्याच धंद्यातलं होतं.

त्याची बायको कचेऱ्यांच्या एका उंच इमारतीत साफसफाई करी. कारखाना बंद पडल्यावर तिनं आणखी एक मजला मागून घेतला होता. घरी आली की ती भिंतीला पाठ लावून पाय पसरी आणि त्याच्या येरझाऱ्या बघत राही.

"अहो, जरा टेका ना. तुम्हाला बघून मलाच दम लागतो."

"टेकलो तर मग उठायचं कशासाठी?"

"माझ्यासाठी उठा. चहा टाका."

तो लगेच चहा टाकी. काहीतरी टाकायला मिळालं याचाच त्याला आनंद होई.

आशेला एक जागा होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला तसलाच एक कारखाना निघाला होता. तो तिथं जाऊन एक सीट शिवून दाखवून आला होता. तिथल्या मुकादमानं शिवणीवरून अंगठा फिरवला, कोपऱ्यापाशी थांबवला, पुन्हा फिरवला. "छान," तो म्हणाला. "एक मशीन यायचंय. आलं की फोन करतो. पहिलं नाव तुमचं."

तेव्हापासून सगळं घर त्या फोनच्या कलानं चाले. रिचार्ज संपला होता. आलेला फोन घेता येई, आपण होऊन करता येत नसे. शिवाय बॅटरी म्हातारी झाली होती. वायर काढली की फोन मान टाकी. म्हणून फोन कायम भिंतीला बांधलेला, आणि या माणसाला तर चार भिंतींत राहवत नसे.

"फोन वाजला की खिडकीतून हाक मार," तो भिंगरीला बजावून खाली जाई. गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्या मावशींचं टेबल होतं. तिथं उभं राहिलं की खिडकीही दिसे आणि रस्ताही.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. तो मावशींच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय ठोकून देत होता. त्या ठोकाठोकीत त्याला खिडकीतली हाक ऐकू आली नाही, आणि भिंगरीला वाटलं, एवढा वाजणारा फोन असा सोडून कसा द्यायचा? मोठ्या माणसांसारखी 'हॅलो' म्हणून तिनं घेतला.

मग ती धापा टाकत खाली आली. "बाबा, कारखान्यातून फोन आला होता!"

त्याच्या हातातली हातोडी तशीच राहिली. "काय म्हणाले?"

"म्हणाले, बाबा आहेत का? मी म्हटलं, नाहीत. म्हणाले, बाबा सध्या काय करतात? मी म्हटलं, बाबा बसलेत."

"मग?"

"म्हणाले, बसले? कधी? मी म्हटलं, झाले बरेच दिवस." भिंगरीनं आवाज जाड केला. "मग ते म्हणाले, अरे वा! बरं झालं, बरं झालं. आठवण काढली म्हणून सांग त्यांना."

"आणि?"

"आणि ठेवला."

"मला बोलावलं नाही? यायला सांगितलं नाही?"

भिंगरीनं मान हलवली. आपण काहीतरी सांडलं हे तिला कळत होतं, पण काय सांडलं ते दिसत नव्हतं.

तो वर गेला, खाली आला. "बरं झालं म्हणतो!" मावशींना म्हणाला. "माणूस घरी बसलाय, बायको एकेक मजला वाढवतीये, आणि हा म्हणतो बरं झालं! माझी शिवण बघून छान म्हणत होता तो हाच."

"थट्टेखोर असेल एखादा," मावशी म्हणाल्या. "तू उलटा फोन लाव आणि विचार. हा घे माझा."

"विचारू काय? माझं कशात बरं झालं ते?" तो तडकला. "जाऊ दे. नाही विचारायचं मला काही."

पण जाऊ कुठं देतो? ते दोन शब्द बुटात खडा शिरावा तसे डोक्यात शिरले होते. पाऊल टाकलं की टोचत होते, आणि पावलं टाकल्याशिवाय त्याला राहवत नव्हतं. तो कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा दूधवाला कपडे न्यायला आला. मावशींनी घड्या मोजत त्याला विचारलं, "तुझ्या भावाचं काय? अजून रिकामाच का?"

"नाही नाही, तो बसला की! मोठ्या रस्त्यावर ते शिलाईचं दुकान आहे ना, तिथं बसला."

"बरं झालं रे बाबा," मावशी म्हणाल्या.

भिंगरीचा बाप जागच्या जागी थांबला. सबंध दिवसात पहिल्यांदा.

मशीनवरच्या लोकांची ही रोजची बोली होती. कोणाकडे बसतोस? अमक्याकडे बसतो. तमका तिथून उठला आणि इथं बसला. शिवणारा माणूस बसला म्हणजे त्याला काम लागलं. गल्लीला वाटे बसला म्हणजे काम सुटलं. तो इतकी वर्षं दोन्हीकडचं बोलत आला होता. कारखान्यात गेला की एक बोली आणि गल्लीत आला की दुसरी. दोन्ही शब्द एकाच खिशात ठेवलेले, पण एकमेकांवर आपटल्याचं त्याला कधी जाणवलं नव्हतं. मुकादमानं कारखान्यातला शब्द ऐकला होता आणि लेकीनं गल्लीतला सांगितला होता.

"मावशी, फोन द्या!"

वर जाऊन आलेल्या फोनचा नंबर लिहून आणला, लावला. घंटा वाजत राहिली. मशीनं सुरू असताना घंटा कोणाला ऐकू येते? पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"अरे, उभा काय राहिलास? पळ!" मावशी ओरडल्या. "पोरीला मी बघते. आणि बसमध्ये तरी बस रे!"

बसमध्ये जागा होती, पण तो दांडा धरून उभाच राहिला. समोरच्या सीटची शिवण कडेला उसवली होती आणि आतला फोम पिवळा पडून भुगा व्हायला लागला होता. त्यानं बोटानं तो आत लोटला. पुढच्या थांब्यापर्यंत तो पुन्हा बाहेर आला.

"बसा की हो, जागा आहे," पलीकडची बाई म्हणाली.

"नको," तो इतक्या जोरानं म्हणाला की तिनं पिशवी जवळ ओढली.

सिग्नल लागला की तो दाराशी जाई, सुटला की परत येई. जणू त्याच्या चालण्यानं बस पुढं सरकणार होती.

कारखान्यात ओळीनं मशीनं धडधडत होती. रेक्झीनचा तोच ओळखीचा वास येत होता. खिडकीपाशी नवं मशीन बसवलं होतं, त्याच्या पायाला अजून पुठ्ठा गुंडाळलेला होता. आणि त्याच्यावर कोणीतरी बसलं होतं. वाकलेली मान, दोऱ्यानं बांधलेला चष्मा. जुन्या कारखान्यातला चष्मेवाला. त्यांच्या दोघांच्या मशीनांमध्ये तेव्हा एकच खांब होता.

मुकादम पुढं आला. "अरे, तुम्ही? तुम्ही तर बसलात ना? पोरगी म्हणाली तुमची."

"घरी बसलोय."

"घरी?"

"घरी."

मुकादमानं कपाळावर हात मारला. जवळच्या मशीनवरचा एकजण फिसकन हसला आणि मग इकडंतिकडं बघून गप्प झाला.

"मी म्हटलं, चांगला कारागीर, लागला कुठंतरी. मनापासून बरं वाटलं हो मला! लगेच ह्यांना बोलावलं." मुकादम खालच्या आवाजात बोलू लागला, पण मशीनांच्या धडधडीत खालचा आवाजही मोठाच करावा लागतो. "पहिलं नाव तुमचंच होतं. हे आत्ताच आलेत, तासही झाला नसेल. तुम्ही म्हणत असाल तर..."

खिडकीपाशी पायडल थांबलं. चष्मेवाल्यानं मागं बघितलं नाही. पण तो अर्धवट उठला, एक हात मशीनच्या चाकावर ठेवून, ताटावरून उठायला सांगितल्यासारखा. "माझं काय," तो म्हणाला, "मी काय..." त्याच्या अंगावर कडक इस्त्रीचा सदरा होता. शिवणकामाला कोणी इस्त्रीचा सदरा घालत नाही. पहिल्या दिवशी सोडून.

'हो, उठवा' हे शब्द घशापर्यंत आले होते. त्याला बायकोचा तो वाढीव मजला दिसत होता, भिंतीला लागलेली तिची पाठ दिसत होती. त्यानं दोन पावलं पुढं टाकली. मशीनवर एक कव्हर होतं आणि कोपऱ्याची शिवण वळणावर येऊन थांबली होती. कोपऱ्यात सुई थांबवली की तिथं भोक मोठं पडतं आणि सीट तिथूनच उसवते. हे त्या दोघांना एकाच उस्तादानं कान पिळून शिकवलं होतं.

त्याचा हात चष्मेवाल्याच्या खांद्यावर पडला. "बसा," तो म्हणाला. "बसा हो. कोपरा अर्धा सोडू नका."

चष्मेवाला बसला. पायडल पुन्हा सुरू झालं. आधी अडखळत, मग नीट.

तो दारापर्यंत आला. बाहेरचं ऊन डोळ्यांवर आलं, आणि आता घरी जाऊन पुन्हा खिडकीपासून दारापर्यंत चालायचं, हा विचार त्या उन्हापेक्षा जास्त टोचला. तो उलट वळला.

"मुकादम, उभ्यानं करायचं काही आहे का?"

"उभ्यानं?" मुकादमानं मान खाजवली. "कटिंगच्या टेबलावर एक माणूस कमी आहे. रेक्झीन अंथरायचं, वर मापाचा फर्मा ठेवायचा, त्याच्या कडेनं खडूनं आखायचं. पण तुमचा हात बसलाय शिवणीवर, तुम्हाला ते कसं सांगू? नवशिक्याचं काम आहे, पैसेही त्याच मानानं. आणि ऑर्डर आहे तोवरच."

"आज आहे का?"

"आज आहे."

"मग खडू द्या."

टेबल त्याच्या कमरेला जरा खालीच पडत होतं. फर्म्यांच्या कडा झिजल्या होत्या. दुपारभर तो टेबलाच्या या टोकापासून त्या टोकाला चालत राहिला. मध्ये पलंग नव्हता, एवढाच फरक. एकदा मान वर केली तर चष्मेवाला त्याच्याकडे बघत होता. दोघांनीही लगेच नजर कामावर घातली.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याच्या पँटवर खडूच्या रेघा होत्या. भिंगरी जिन्यातच बसली होती. दुपारपासून कोणाशी धड बोलली नव्हती, असं मावशींनी मागाहून सांगितलं.

"बाबा, माझं चुकलं का?"

"नाही. तू बरोबर शब्द सांगितलास. तो शब्दच लबाड आहे. दोन घरी जेवतो."

"मग आता कोणी विचारलं तर काय सांगू?"

त्यानं विचार केला. "सांग, बाबा उभे आहेत."

तिला एवढंच हवं होतं. ती पायऱ्या उतरत ओरडत गेली, "मावशी! बाबा उभे राहिले! बाबा उभे राहिले!"

खालून मावशींचा आवाज आला, "अगं बाई! कुठल्या निवडणुकीला? मत मागायला आला तर आधी माझ्या टेबलाचा पाय नीट ठोक म्हणावं!"

सगळा जिना हसला. तोही हसला. बायको नुकतीच येऊन भिंतीशी टेकली होती, ती हसली नाही. तिनं खडूच्या रेघा बघितल्या. "शिवायला नाही घेतलं?"

"ती जागा भरली."

"मग हे किती दिवस?"

"उद्या बोलावलंय."

"आणि परवा?"

"परवाचं परवा."

ती मग सरकली आणि भिंतीशी थोडी जागा केली. त्याचे तळवे ठणकत होते, पोटऱ्या दगड झाल्या होत्या. उद्याचा विचार पायांत अजूनही वळवळत होता. नळाकडे एकदा जाऊन यावं, असंही वाटलं. पण गुडघ्यांनी ऐकलं नाही. तो तिच्या शेजारी खाली टेकला आणि त्यानं पाय पसरले.

भिंगरी वर आली आणि दारातच थांबली. तिचे डोळे मोठे झाले.

"बाबा ब..."

त्यानं हात लांब करून तिला जवळ ओढलं आणि तिच्या तोंडावर तळहात ठेवला. "हळू," तो कुजबुजला. "मुकादम ऐकेल."