दहानंतरचे पाच

दुसऱ्याच्या कामात खोट काढण्याचा मला पगार मिळतो. सर्किट प्रत्यक्ष बनवण्याआधी ते कॉम्प्युटरवर चालवून बघतात. तेव्हा त्याला कोणत्या क्षणी काय द्यायचं हे सांगणारी फाइल मी लिहिते. अमुक वेळी हे बटण दाबलं, तमुक वेळी ते सोडलं, अशा नुसत्या ओळी. माझा नवरा याला खोट्या पेशंटची नाटकं म्हणतो.

पेशंट अशासाठी, की सध्याचं सर्किट हॉस्पिटलच्या खाटेजवळच्या बेलचं होतं. बेल दाबली की नर्सच्या टेबलावर दिवा लागायचा आणि नर्स येईपर्यंत तसाच राहायचा. ते बनवलं होतं मास्तरांनी. मास्तर आमच्यातले सगळ्यात जुने डिझायनर. सगळ्यांच्या ईमेलमधलं शुद्धलेखनसुद्धा तपासतात, म्हणून हे नाव. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते आणि गेली तीन वर्षं या एका सर्किटाच्या मागे होते.

आणि त्या दिवशी दुपारी, डिझाइन फॅक्टरीला पाठवायला चार तास उरले असताना, माझ्या पेशंटने बेल दाबली आणि दिवा लागलाच नाही.

मी पुन्हापुन्हा चालवून पाहिलं. मग तोंडाला आवर न घालता साहेबांना सांगून टाकलं की सर्किटातच दोष आहे. साहेबांनी फार ताणलं नाही. पाचपर्यंत कारण सापडलं तर ठीक, नाहीतर हे सोडून बाजारातलं तयार सर्किट घेऊ, असं म्हणून ते मीटिंगला गेले.  मास्तरांनी टेबलावरचा आपला कप धुतला, पुसला आणि पिशवीत ठेवला. मला फार वाईट वाटलं. हे काम मला त्यांनीच शिकवलं होतं.

थोड्या वेळाने ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांची एक जुनी खोड आहे. घोडं अडलं की ते आम्हाला फाइल मोठ्याने वाचायला लावतात आणि स्वतः पेशंट होतात. बेलचं खरं बटण त्यांनी वायरसकट हातात घेतलं. पलीकडचे दोघं हसले. मी वैतागून वाचायला लागले.

"शून्याला रीसेट दाबला."

सर्किट सुरू होताना त्याला क्षणभर धरून ठेवतात, तो रीसेट. तो सुटेपर्यंत सर्किट कुणाचं ऐकत नाही. मास्तर एक-दोन करत मोजू लागले.

"दहाला सोडला," मी वाचलं. ते दहावर थांबले. "पाचला बेल."

त्यांचा अंगठा बटणावर तसाच राहिला.

"अगं, पाच तर होऊन गेले," ते म्हणाले. "मी आता दहावर आहे."

इतकी वर्षं मी वापरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये पाच म्हणजे मागच्या ओळीनंतर पाच. सोमवारी आलेल्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं सुरुवातीपासून मोजतात. त्याने माझ्या ओळी निमूटपणे वेळेप्रमाणे लावून घेतल्या होत्या. म्हणजे सर्किट जागं व्हायच्या आधीच माझा पेशंट बेल दाबून, हात काढून मोकळा. नाचता येईना, अंगण वाकडं, दुसरं काय.

पाचच्या जागी पंधरा लिहिलं, पुढच्या ओळींच्या वेळाही तशाच सुधारल्या. दिवा लागला आणि नर्स येईपर्यंत लागून राहिला. माझा जीव भांड्यात पडला. स्वतःची चूक सापडल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता. मास्तरांनी मात्र आणखी एक ओळ घालायला लावली: रीसेट सुटायच्या आधीपासूनच कुणी बेल दाबून धरली असेल तर?

"आजारी माणूस काय आपली सोय बघून दाबणार आहे?" ते म्हणाले.

तेव्हाही, रीसेट सुटल्याबरोबर, दिवा लागला.

साहेबांकडे मीच गेले. मघाशी जेवढ्या मोठ्याने सर्किटाला नावं ठेवली होती, तेवढ्याच मोठ्याने, सगळ्यांच्या देखत, चूक माझी होती म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, द्या पाठवून.

परत आले तर मास्तर फोनवर काकूंना सांगत होते की घरी यायला जरा उशीर होईल, काळजी करू नकोस, सगळं ठीक आहे. बोलता बोलता त्यांनी पिशवीतून कप काढला आणि होता तिथे ठेवला. मी तो उचलला आणि चहा आणायला गेले.