शून्याला पहिला नंबर

पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर मी सव्वीस वर्षं बसले आहे, त्यामुळे लोकांचं बोलणं मला लागत नाही. आमच्या ह्यांना लागतं. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

शुक्रवारी कामावरून आले तर हे कॉम्प्युटरसमोर, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेले. पडद्यावर त्यांच्या खेळाखाली लोकांनी लिहिलेली मतं होती. त्यांनी मला वाचून दाखवलं, "एक तारा. असला टुकार खेळ जन्मात पाहिला नाही." मग त्याखालचं, "एक तारा. बनवणाऱ्याला मोजता येतं का?" आणि मग अगदी शांतपणे म्हणाले, "रविवारी संध्याकाळी काढून टाकतो. कॉम्प्युटरही कुणाला तरी देऊन टाकू. आपल्याला एकच काम येत होतं, ते गेलं. दुसरं जमणार नाही, एवढं कळलं."

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची ओढून शेजारी बसले.

हे एकोणतीस वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला होते. पांढऱ्या उजेडासमोर उभं राहायचं, पट्ट्यावरून बाटल्या सरकत जायच्या, त्यातली तडा गेलेली, बुडबुडा राहिलेली, मान वाकडी असलेली बाटली उचलून बाजूला टाकायची. मिनिटाला साठ बाटल्या. तीन वर्षांपूर्वी मालकांनी तिथे कॅमेरा बसवला आणि ह्यांना घरी बसवलं. पहिलं वर्षभर माणूस नुसता खिडकीतून रस्त्याकडे बघत होता. जेवायला हाक मारली तर तिसऱ्या हाकेला वळायचा.

मग पुतणीने तिचा जुना कॉम्प्युटर आणून दिला, थोडं शिकवलं, आणि पन्नाशी उलटलेल्या ह्या माणसाने दोन वर्षं डोकेफोड करून एक खेळ उभा केला. काळ्या पडद्यावर हिरवे ठोकळे. खाली एक छोटी तोफ, डावीकडे-उजवीकडे सरकणारी. गोळीला एक बटण. वरून तबकड्यांच्या रांगा उतरतात, एका रांगेत आठ, त्या पाडायच्या. अशा शंभर रांगा. शंभर पुऱ्या केल्या तरच यादीत नाव लागतं, अर्धवट सोडलं तर नाही. आवाज दोनच, 'टुईं' आणि 'ढप्प'. पूर्वी नाणं टाकून उभ्याने खेळायची मोठी यंत्रं असायची ना, तसला. नाव 'शेवटची रांग'. खेळ लोकांसाठी खुला झाला त्या दिवशी हे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून घरातच बसले होते. खिडकीतला तो माणूस मला पुन्हा बघायचा नव्हता.

"अहो, रविवारपर्यंत हात लावायचा नाही," मी म्हटलं. "तक्रारी माझ्याकडे द्या."

"तुला खेळातलं काय कळतं?"

"मला पाइपांतलं तरी काय कळतं? शहराला पाणी येतंय ना?"

आमच्या खिडकीची रीत सोपी आहे. तक्रार वहीत चढवायची, नंबर द्यायचा, आणि जागेवर जाऊन बघितल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. 'तीन दिवस थेंब नाही' म्हणून बोंब मारणाऱ्याच्या घरी जावं तर मुख्य नळ त्यानेच बंद केलेला असतो. आणि तक्रार बंद आपण करायची नाही. ज्याने केली त्याने म्हणायचं, झालं, मग बंद.

शनिवारी सुट्टी. सकाळीच चहाचा कप आणि नवी वही घेऊन बसले. एकेचाळीस मतं होती. चांगलीही होती की! ह्या माणसाने ती वाचलीच नव्हती. 'पहिल्याच दिवशी जगात दुसरा. झकास खेळ. पाच तारे.' 'आईला खेळायला दिलं, चष्मा सापडत नव्हता तरी तिसरी आली. पाच तारे.' 'मध्येच दार वाजलं म्हणून उठून गेलो, गप्पा मारून परत आलो तर पहिला नंबर! ह्याला म्हणतात नशीब. पाच तारे.'

आणि बाकी सगळ्यांचा थयथयाट. त्यात सगळ्यात वर 'लिंबूटिंबू' म्हणून कुणी तरी. नाव लिंबूटिंबू, पण भाषा पहिलवानाची. 'आठशेपैकी सातशे सत्त्याण्णव तबकड्या पाडल्या. बोटं सुजली. गुण किती? तीन. यादीत माझ्याखाली फक्त जमीन उरली आहे. बनवणाऱ्याला मोजता येतं का?' तक्रार क्रमांक बारा.

आता जागेवर जाणं आलं. म्हणजे खेळणं. मी आयुष्यात पहिल्यांदा खेळले. तोफ डावीकडे न्यायची तर ती उजवीकडे जाई, आणि गोळी मारेपर्यंत तबकड्या खाली निघून गेलेल्या असत. शंभर रांगा संपल्या तेव्हा घामाघूम झाले होते. पडद्यावर आकडा आला, दोनशे बारा. खाली यादीत माझा नंबर चौथा.

जगात चौथी! मी खुर्चीतच उडाले.

"अहो! अहो, या लवकर! चौथी आले!"

हे आतून आले, आकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. "दोनशे बारा? अगं, दोनशे बारा सोडल्यास?" जसं काही मी दोनशे बारा घरांचं पाणी तोडलं होतं.

"सोडल्या म्हणजे?"

"निसटल्या. खाली गेल्या. हा आकडा त्यांचाच."

"मग पाडल्या किती, ते कुठंय?"

"ते कशाला मोजायचं?" त्यांना खरोखरच कळत नव्हतं. "पाडायच्याच असतात. ते काम आहे."

कारखान्यात पाळी संपली की फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे एकच आकडा पडायचा, निसटल्या किती. उचललेल्या बाटल्या कुणी मोजत नसे. नावापुढे शून्य लागलं की अख्खी पाळी टाळ्या वाजवायची. ह्यांच्या लेखी शून्यापेक्षा मोठा आकडा जगात नाही. पण यादी बनवून दिली होती पुतणीने, आणि ती बँकेत बसून असलेच प्रोग्रॅम लिहिते. मी तिला फोन लावला.

"काकू, आकडा मोठा तो वर, असंच असतं ना सगळीकडे!" ती म्हणाली. "मला काय स्वप्न पडलं होतं, काका निसटलेल्या मोजतायत म्हणून?"

काकांनी आकडा दिला, पुतणीने रांग लावली, एकाने दुसऱ्याला विचारलं नाही. आणि 'लोकांच्या नंबराशी आपल्याला काय करायचंय' म्हणून ह्यांनी यादी कधी उघडून पाहिली नव्हती. परिणाम असा, की उत्तम खेळणारे सगळे तळाला आणि दार उघडायला उठून गेलेला इसम जगज्जेता. मी पदर तोंडाला लावून हसले. तरी आवाज व्हायचा तो झालाच.

हे हसले नाहीत. "बघ. खरंच लिहिलं त्याने. मला मोजता येत नाही."

"मोजणी बरोबर आहे. रांग उलटी लागली आहे. दोन्ही वेगळं."

पुतणी फोनवर म्हणाली, "काका, सोप्पं आहे. सगळे करतात तसं करू. एका तबकडीला दहा गुण, वर चांदण्या उडवू, 'शाब्बास' म्हणणारा आवाज टाकू."

जखम मांडीला आणि मलम शेंडीला! पण मी तोंड उघडायच्या आत हे बोलले. "नाही. निसटलेल्याच मोजायच्या. पाडली त्याची कसली शाब्बासकी? यादी तेवढी उलटी कर." दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज खणखणीत लागला होता. मला इतकं बरं वाटलं की दोनशे बाराचं दुःखही विसरले.

दुपारी यादी उलटली. खेळाच्या सुरुवातीला ह्यांनी एक ओळ टाकली, 'इथे निसटलेल्या मोजतात. शून्य सर्वांत वर.' लिंबूटिंबूला मी आमच्या खिडकीच्या भाषेत लिहिलं, 'तक्रार क्रमांक बारा. जागेवर जाऊन पाहिली, तक्रार खरी आहे. रांग सरळ केली आहे. आपल्या तीन निसटल्या, म्हणून आपण पहिले आहात. पाहून कळवावे.'

कळवलं दुसऱ्यांनीच. वरचे सगळे दाणकन खाली आले होते ना! 'मी पहिला होतो, जेवून उठलो तर शेवटचा. चोर आहेत. एक तारा.' 'आई तिसरी होती, आता रुसून बसली आहे. पाचाचा एक केला.' मी स्वतः चौथ्यावरून खालून चौथी झाले होते, पण मी कुणाकडे तक्रार करणार? रविवारी सकाळपर्यंत खेळाची सरासरी अडीच ताऱ्यांवरून दोनच्याही खाली गेली. मी एकेकाला नंबर देऊन उत्तर देत होते. 'आपल्या आईंना नमस्कार सांगावा. पुन्हा खेळून बघायला सांगावं.' लिंबूटिंबूचा पत्ता नव्हता. मनातून मी हादरले होते, हे खोटं कशाला सांगू? औषध मी दिलं होतं आणि आजार वाढला होता.

रविवारी चार वाजता हे येऊन बसले. खेळ काढून टाकायचं पान उघडलं.

"संध्याकाळ म्हणाला होतात. अजून ऊन आहे," मी म्हटलं.

"तासाभराने काय बदलणार आहे?"

मी यादी उघडली. तिथे जो आत्ता खेळत असेल त्याचं नाव चमकतं आणि कितवी रांग चालू आहे ते दिसतं. एकच नाव चमकत होतं. लिंबूटिंबू. रांग एकतीस. निसटलेल्या शून्य.

ह्यांनी माउसवरचा हात काढून घेतला.

चाळीस. शून्य. पन्नास. शून्य. "चौसष्टावी वाकडी उतरते," हे पुटपुटले. "तिथे मीसुद्धा एक सोडतो. मला स्वतःला सहाच्या खाली कधी जमलं नाही." पासष्ट आली. शून्य. त्यांनी खुर्ची मागे सारली आणि उभे राहिले. बहुतेक त्यांना कळलंही नाही. मीही उभी राहिले. खाली मतांच्या जागी लोक लिहायला लागले, 'कुणी बघतंय का हे?' 'मी बघतोय.' 'आईसुद्धा बघतेय.'

नव्वद. ब्याण्णव. शेवटी तबकड्या किती वेगाने येतात ते मी भोगलं होतं. शहाण्णवला आकडा बराच वेळ हललाच नाही आणि ह्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव.

शंभर. निसटलेल्या, शून्य.

हे टाळ्या वाजवायला लागले. त्या खोलीत, पडद्याकडे बघत, एकटेच, जोरजोरात. शेजारच्या काकांनी भिंतीवर थाप मारली तरी थांबेनात. मग मीही वाजवल्या. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

थोड्या वेळाने मत बदललेलं दिसलं. 'पाच तारे. बाकीचे खेळ काहीही केलं तरी शाब्बास म्हणतात. ह्याने म्हटलं नाही. काल पहिला नंबर दिसला, तरी ते तीन डोक्यातून जाईनात. आज ते गेले. तक्रार बारा मागे घेतो.' त्याखाली जेवून उठून शेवटचा झालेला तो. 'चारशेवरून एकशे दहावर आलो. चोर शब्द मागे.' मग रुसलेल्या आईंचा मुलगा. 'आई दोन तासांपासून उठत नाहीये, आम्हाला कॉम्प्युटर मिळत नाहीये, पाच तारे.' काळोख पडायच्या आत यादीत दीडशे नवी नावं आली आणि प्रत्येकाला शून्य हवं होतं. काढून टाकायचं पान कधी बंद झालं, कुणी बंद केलं, मी पाहिलं नाही.

शेवटी लिंबूटिंबूचा प्रश्न आला. 'बनवणारे आपण कोण? काय करता?'

सगळी उत्तरं मीच देत होते, म्हणून मी सवयीने कीबोर्ड ओढला. ह्यांनी तो परत स्वतःपुढे घेतला. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत लिहिलं, 'आधी बाटल्या तपासायचो. आता घरी असतो.' मग त्या वाक्याकडे बघत बसले. पट्ट्यावरच्या बाटलीकडे बघावं तसं. शेवटचे दोन शब्द खोडले, त्या जागी 'खेळ बनवतो' लिहिलं, आणि मला न विचारता पाठवून दिलं.